चिंधी माझ्या बुंध्याशी निजायची

लप्... लप्... लप्.

श्रावणातल्या त्या दुपारी एवढाच काय तो आवाज होता. मागच्या पायरीवर पितळेचं पातेलं ठेवलेलं, आणि त्यात तोंड घालून एक मांजर पाणी पीत होतं. घरधनी रात्रपाळी करून निजला होता, म्हणून त्याची बायको आणि लेक ओठ मिटून आपापल्या कामात होत्या. पायरीपासून हातभर अंतरावर मी उभी होते. मला तर मिटायलाही ओठ नाहीत.

मित्रांनो, मी कण्हेर. कर्जत स्टेशनच्या पलीकडे रेल्वेच्या बैठ्या खोल्या आहेत ना, त्यांच्या मागच्या अंगाला गुलाबी फुलांचं एक वाकडं, म्हातारं झाड दिसेल. ती मीच. त्या दुपारचं सांगायचं तर आधी मला माझ्या बालपणापासून यावं लागेल. कंटाळू नका. माझ्याशी बोलायला फारसं कुणी थांबत नाही, तेव्हा आज तुम्ही थांबलात तर मी जरा लांबण लावणारच.

मी बीमधून उगवले नाही. धोंडी नावाचा एक गँगमन होता, त्यानं पळसदरीकडे रुळाच्या कडेला वाढलेल्या एका कण्हेरीची फांदी तोडून आणली. आणली ती काही हौसेनं नाही. त्याच्या बायकोनं, जनीनं, मागच्या अंगणात लावलेला मोगरा ठाकरवाडीतल्या शुक्राच्या शेरडांनी तीन वेळा मुळासकट फस्त केला होता.

"तुझी शेरडं हायत का राक्षस रं?" जनी ओरडली होती.

शुक्रा कुंपणाला टेकून हसत होता. "वहिनी, मोगरा लावशील तं खानारच. त्यांना काय गजरा माळायचा हाय? कण्हेर लाव. माझी शेरडं सोड, त्यांचा आजा उठून आला तरी तिला तोंड नाय लावायचा."

"आन तू रं? तू खातोस का?"

"मी खाल्ली तं शेरडं कोन राखंल?"

असा माझा जन्म. कुणी खाऊ नये म्हणून लावलेलं झाड! पहिल्या पावसाळ्यात मला पालवी फुटली. दुसऱ्या वर्षी फुलं आली. शेरडं यायची, लांब मान करून माझा वास घ्यायची आणि तोंड फिरवून निघून जायची. माझ्या आडोशानं जनीचा चौथा मोगरा जगला. जनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "ही हाय म्हनून माझं अंगन हाय!" तेव्हा माझी छाती कशी फुगायची! म्हणजे छाती नाही. पण तुम्हाला समजलं.

अभिमान मात्र फार दिवस पुरत नाही, मित्रांनो. पलीकडच्या आंब्याला गाय मान घासायची. मोगऱ्याची फुलं बायका छातीशी धरून हुंगायच्या. माझी फुलं तोडली की लगेच हात धुवायचे. पोरं माझ्याखाली खेळायला लागली की आतून हाक यायची, "तिथून उठ!" एक काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची अळी तेवढी माझी पानं आवडीनं खायची. मी तिला हवी तेवढी खाऊ द्यायचे. पण तिचं पोट भरलं की ती पानाखाली चंदेरी कोश करून टांगून घ्यायची, आणि एका सकाळी फुलपाखरू होऊन जायची ती जायचीच.

माणसांचंही तसंच होतं. रेल्वेची नोकरी म्हणजे बदली आलीच. धोंडी आणि जनी गेली. मागून दुसरी आली, तीही गेली. जाताना ट्रंका जात, पाळणा जात, कोंबड्यांची डालगी जात. तुळससुद्धा डब्यात बसून नव्या गावाला जाई. मला कोण नेणार? माझी मुळं तोवर पार भिंतीखाली गेली होती.

एक बिऱ्हाड असंच गेलं आणि मागे आपलं मांजर राहिलं. विसरले म्हणा, की सामान भरताना ते सापडलं नाही म्हणा. माणूस बदलीनं जातो, मांजर जागेला धरून राहतं. खोलीला कुलूप होतं. बाहेर पाऊस. ते भिजलेलं मांजर पायरीवरून उतरलं आणि इकडेतिकडे बघत सरळ माझ्या बुंध्याशी येऊन अंगाचं वेटोळं करून निजलं.

तुम्हाला कसं सांगू! माझ्या मुळांवर कुणाच्या अंगाची ऊब पहिल्यांदाच आली होती. ती मांजरी रात्रभर श्वास घेत होती आणि मी पान हलवलं नाही.

सुरुवातीला एकदा तिनं खाली पडलेलं माझं पान दातात धरून पाहिलं. लगेच थुंकलं, नाक मुरडलं, दोनदा शिंकली आणि माझ्याकडे अशी बघत बसली, की जणू मी तिची थट्टा केली. त्यानंतर तिनं पानाला कधी तोंड लावलं नाही. मलाही हायसं वाटलं. म्हटलं, हिला कळलं. आता भीती नाही.

मग त्या खोलीत कान्हा, गोदा आणि त्यांची लेक पारू राहायला आली.

कान्हा पॉइंटमन. खंडाळ्याचा घाट चढायच्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, ते जोडताना डब्यांच्या मध्ये शिरून साखळी अडकवायची, हे त्याचं काम. जोखमीचं. झोप नीट झाली नाही तर हात चुकायचा, आणि हात चुकला तर माणूस गेला. म्हणून तो रात्रपाळी करून आला की दिवसभर घरात आवाज करायचा नाही, असा गोदाचा नेम होता. भांडं लागता कामा नये, कडी वाजता कामा नये. पाच वर्षांची पारू तर कुजबुजतच मोठी झाली. ती पडली, गुडघा फुटला, तरी हळू रडायची.

गोदा कळंबची. तिकडे माहेरी खळ्यावर भाताची झोडणी चालायची, चार भावजया, त्यांची पोरं, कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. आणि इथे ही अशी मुकी दुपार. ती मागच्या पायरीवर केस सोडून बसायची आणि मांजराशी ओठांतल्या ओठांत बोलायची. "काय गं, तुला पन कोन नाय?" मांजर डोळे मिटून घ्यायचं. काळा, पिवळा, पांढरा, सगळ्या रंगांचे तुकडे होते त्याच्या अंगावर. पारू म्हणाली, आईच्या गोधडीतल्या चिंध्यांसारखं दिसतंय. तेव्हापासून ती चिंधी झाली.

पायरीवर गोदा, माझ्याखाली चिंधी, आणि मी. आम्हा तिघींपैकी कुणालाच कुणी नव्हतं, आणि त्यामुळेच त्या दुपारी मला भरल्यासारख्या वाटायच्या.

हो, अंबाबाईला विसरले तर ती मला शाप देईल. अंबाबाई शेजारच्या खोलीतली. लेक गाडीवर गार्ड, सून माहेरी, म्हातारी एकटी. तिचा आवाज मुळात स्टेशनावरच्या घंटेसारखा. पण कान्हा निजलेला असला की ती भांडायचीसुद्धा कुजबुजत!

"गोदे, तुझ्या त्या भवानीनं आज परत माझी साय चाटली."

"हळू बोला काकी, हे निजलेत."

"निजलेत म्हनून तं हळू शिव्या देते! एक दिस तिला औषध घालीन, बघ तू."

"घाला. आन मग दोन दिस तिच्या नावानं रडा."

"रडंल माझी चप्पल!" असं म्हणायची, आणि संध्याकाळी मासळीची डोकी चिंधीसमोर टाकून जायची. वर बजावायची, "गोदाला सांगू नको हां."

याच अंबाबाईला गोदानं एकदा सरळ विचारलं होतं. "काकी, चिंधी सारखी हिच्याखाली निजते. कण्हेर इखारी म्हन्तात. काय व्हनार तं नाय ना तिला?"

"आगो, मुक्या जनावराला मानसापरीस जास्त कळतं," अंबाबाई म्हणाली. "शेरडं बघतेस ना? वास घेतात नि जातात. पानाला तोंड नाय लावायची ती."

म्हातारी खोटं बोलली नव्हती. पानाचं तिला ठाऊक होतं. पाण्याचं कुणाच्या मनातच आलं नाही.

श्रावण लागला. सोमवारी गोदा महादेवाला माझी फुलं वाहायची. कान्हा सकाळी दमून घरी यायचा, त्याच्या आधी देवळात जाऊन परत यायचं तर उजाडायच्या आत निघायला हवं. पण अंधारात फुलं तोडायची नाहीत, दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही, झाडं निजतात, असं अंबाबाईनं तिला शिकवलं होतं. तुमच्याही घरी सांगत असतील. मला ती रीत फार आवडते. जिला दिवसभर कुणी जवळ करत नाही, तिची रात्रीची झोप तरी कुणी मोडत नव्हतं.

म्हणून गोदा रविवारी दुपारीच माझ्या कळ्यांच्या फांद्या कापायची आणि पितळेच्या पातेल्यात पाणी घालून उभ्या करून ठेवायची. रात्रीतून कळ्या उमलल्या की फुलं ताजीच धरायची. सोमवारी ती फुलं खुडून न्यायची. पानांच्या फांद्या पातेल्यातच राहायच्या. आणि देवाच्या फुलांचं पाणी पायदळी कसं ओतायचं? म्हणून ते संध्याकाळी माझ्याच मुळाशी घालायचं, असं तिनं ठरवलं होतं.

बघा मित्रांनो, यात कुठे कुणाचं वाकडं मन होतं? झाडाची झोप मोडू नये, देवाचं पाणी तुडवलं जाऊ नये. इतकंच.

आधीच्या सोमवारी पाऊस धो धो होता. चिंधीला जागोजागी डबकी मिळायची. त्या सोमवारी मात्र उघडीप पडली. कडक ऊन. डबकी आटली. आणि पायरीवर त्या पातेल्यातलं पाणी सावलीत गार, निवळ दिसत होतं. रात्रभर माझा चीक त्यात उतरला होता. त्याला पानासारखा उग्र वास नव्हता, रंग नव्हता. चिंधीनं पाण्याचा वास घेतला. मग पिऊ लागली.

मी काय करू शकत होते? वारा असता तर फांदी हलवली असती. वारासुद्धा नव्हता.

थोड्या वेळानं चिंधी माझ्याखाली आली. रोजच्यासारखी वेटोळं करून निजली नाही. उठली, बसली, परत उठली. तोंडातून लाळ गळायला लागली. ओकली. पारूनं पाहिलं आणि ती आईकडे धावत गेली, पण धावतानाही चवड्यांवर, आणि सांगतानाही कुजबुजत. "आई, चिंधी ओकते. आई, ती पडते."

गोदा बाहेर आली. तिनं चिंधीला उचललं, दूध दिलं, तूप बोटावर घेऊन चाटवलं. काही पोटात राहिना. तेव्हा मांजराला घेऊन गुरांच्या दवाखान्यात जावं असं कुणाच्या डोक्यातसुद्धा यायचं नाही. अंबाबाई तिच्या खोलीतून बाहेर आली. तिला बघताच पारूचा धीर सुटला. जन्मात पहिल्यांदा ती दिवसाउजेडी मोठ्यानं ओरडली, "अंबाआजीनं औषध घातलं! ती म्हनली व्हती!"

श्रावणात मासळी बंद, म्हणून अंबाबाईच्या हातात चिंधीसाठी सायीची वाटी होती. ती तशीच उभी राहिली. तिचा घंटेचा आवाज कुठे गेला कोण जाणे. "मी?" ती म्हणाली. "पोरी, मी तोंडानं बोलते गं. हातानं कदी केलंय का मी?"

गोदा काहीच बोलली नाही. आणि न बोलणं, मित्रांनो, कधीकधी ओरडण्यापेक्षा जास्त लागतं. म्हातारी पायरीच्या कडेला खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

आवाजानं कान्हा उठून बाहेर आला. रागावला नाही. त्यानं आपली कांबळ आणली, चिंधीला तिच्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. "पाय गार पडलेत," एवढंच म्हणाला. ज्या हातांनी तो गाड्या जोडायचा, त्या जाड हातांनी तो तिचे पाय चोळत बसला.

तेव्हा गोदाची नजर पातेल्याकडे गेली. पाणी बरंच उतरलं होतं. काठाला दोन केस चिकटले होते, एक पिवळा, एक पांढरा. पाण्यात माझ्या फांद्या. तिनं फांद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ती नजर अजून विसरलेली नाही.

दुसऱ्याच क्षणी तिनं पारूचे दोन्ही हात धरले. "तू प्यालीस का गं हे पानी? खरं सांग. बोट बुडवलंस? बोट तोंडात घातलंस?"

"नाय आई. नाय गं."

"शपथ घे."

"तुझी शपथ."

तरी गोदानं तिचे हात कोपरापर्यंत धुतले, चूळ भरायला लावली, तिचे डोळे बघितले, कपाळ बघितलं. मग ती अंबाबाईसमोर जाऊन बसली. "काकी, तुमी नाय. मीच त्या फांद्या पान्यात ठेवल्या व्हत्या."

अंबाबाईनं पदर काढला. "आगो बाई," ती म्हणाली, "आन रात्री तोडू नको म्हनून मीच तुला शिकवलं."

सूर्य डोंगराला टेकला आणि कान्हाच्या मांडीवर चिंधी गेली.

त्या संध्याकाळचं अजून थोडं उरलंय. पण त्याआधी मला तुम्हाला एक सांगायचं आहे, कारण ती संध्याकाळ सांगून झाल्यावर माझ्याच्यानं काही बोलवणार नाही.

मला तोडलं नाही, हे तर तुम्ही बघताच आहात. पुढे कान्हाची बदली झाली. जाताना गोदानं नव्या बिऱ्हाडाला सगळं समजावलं, माझ्याभोवती दगडांची ओळ मांडून दिली. नंतरच्यांनी दगड चुलीसाठी उचलले. आता तर या खोल्या निम्म्या रिकाम्याच असतात, आणि माझी छाटणी करायचंही कुणाला आठवत नाही. त्याचं मला दुःख नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरी मांजर असेल तर कण्हेर दारात लावू नका. आधीच असेल तर मांजराला तिच्यापासून लांब ठेवा. माझं पान, फूल, काटकी, सगळंच विषारी आहे. छाटलेल्या फांद्या अंगणात पडू देऊ नका, वाळकी काटकी चुलीत घालू नका. आणि माझ्या फांद्या ज्या पाण्यात ठेवल्या, ते पाणी कुणाच्याही तोंडी लागेल असं क्षणभरसुद्धा उघडं ठेवू नका. कडू पान जनावर थुंकतं, म्हणून निर्धास्त राहू नका. पाणी ते विश्वासानं पितं. तुमच्या मांजराची लाळ गळायला लागली, ते ओकायला लागलं, तर दूध-तूप करत बसू नका, जनावरांच्या डॉक्टरांकडे धाव घ्या. मी देवाला चालते, रस्त्याच्या कडेला चालते. मला दुरून बघा. मी दुरूनही छान दिसते.

तर त्या संध्याकाळी कान्हाला कामावर जायचं होतं. गाडी कुणासाठी थांबत नाही. त्यानं कुंपणापलीकडे आंब्याखाली खड्डा खणला, चिंधीला ठेवलं, माती लोटली आणि कंदील घेऊन तो गेला. तो वळणाआड दिसेनासा झाल्यावर गोदा आत गेली आणि कोयता घेऊन बाहेर आली.

"गोदे," अंबाबाई म्हणाली, "दिवेलागण झालीय. आता झाडाला हात लावू नको."

"हिची झोप मोडू नये म्हनून तं मी फांद्या दुपारीच तोडल्या काकी!" गोदाचा आवाज चिरकला. मोठ्यानं बोलायची तिला सवयच राहिली नव्हती. तिनं माझी एक फांदी मुठीत धरली. कोयता वर उचलला.

मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत नव्हती. मुळांवर जिथे रोज ऊब असायची तिथे गार माती होती, आणि तेवढंच मला कळत होतं.

पारू माझ्याखाली येऊन उकिडवी बसली. चिंधीच्या निजण्यानं तिथे मातीत वाटीसारखा खळगा पडला होता. तिनं त्यात हात ठेवला. मग माझ्या बुंध्याकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत, आणि आईचा पदर ओढून विचारलं,

"आई, आता हिच्यापाशी कोन निजंल गं?"